चार रुपयांचा बोल्ट

सटवाजीनं ट्रॉलीतून ढकलून उतरवलं तेव्हा
त्याच्या पाठीवर शेळ्यांच्या खुरांचे ओरखडे होते,
आणि गिअर बॉक्सच्या टोपणावर
खडूनं लिहिलेलं: भंगार, सव्वीस रुपये किलो.
जालन्याच्या भट्टीचा ट्रक
सोमवारी मानवतवरून जातो.
तवर सांग, म्हणाला,
हे जगायलंय की वितळायलंय.

पऱ्हाटी कापायचं यंत्र. पाच फुटी, दोन पात्यांचं.
कंपनीचं नाव गंजानं खाल्लेलं,
शेवटचं 'अँड सन्स' तेवढं वाचता येत होतं.
बाप गळून पडला, पोरं राहिली.

मी आधी ऐकतो.
शाफ्ट हातानं फिरवायचा, सावकाश,
कान लोखंडाजवळ नेऊन.
इलाही मिस्त्री म्हणायचा, डोळा रंगाला फसतो.
पाव फेरा झाला आणि आतून
बोळक्या म्हाताऱ्यानं फुटाणे चघळावेत
तसा आवाज.

टोपण काढलं. तेलाचं पाणी झालेलं,
वर चहावर धरते तशी साय.
तळात बोटं घालून चाचपलं
तर दोन दात हाताला लागले.
डिझेलनं धुतले, तंबाखूच्या डबीत ठेवले.
का ठेवले, माहीत नाही.

शाफ्टच्या जोडावर एक बोल्ट असतो,
मुद्दाम हलक्या लोखंडाचा.
दगड लागला, येडी बाभळीचं खोड आडवं आलं
तर त्यानं तुटायचं
आणि बाकीच्यांनी वाचायचं.
एवढंच त्याचं काम. चार रुपये.
इथं त्याच्या जागी बसलेला
डोक्यावर दहा पॉइंट नऊ कोरलेला,
इतक्या वर्षांत साधा वाकलासुद्धा नव्हता.

"कुण्या गाढवाचं काम हे?" सटवाजी म्हणाला.

गाढव तेव्हा एकोणीस वर्षांचं होतं.
शुक्रवार. मिस्त्री नमाजला गेलता.
सटवाजीचा बाप ट्रॅक्टर चालूच ठेवून दारात,
आठवड्यात तिसऱ्यांदा बोल्ट तुटलेला,
आणि मला वाटलं, तुटतो म्हणजे वाईट.
डब्यातला सगळ्यात कडक शोधला,
पान्यावर पाय देऊन आवळला.
म्हातारा खूश. दहा रुपये वर दिले.
मी त्याचे भजे खाल्ले.

पिनियन नांदेडहून आलं, एस.टी.नं,
कंडक्टरच्या सीटखाली.
ग्रीस भरत राहिलो
काळं संपून पिवळं बाहेर येईपर्यंत.
पाती बिहारीलालच्या किराणा काट्यावर नेली,
एक या पारड्यात, एक त्या.
हलक्या बाजूला तो सुपाऱ्या टाकत गेला. सहा झाल्या.
सहा सुपाऱ्यांचा फरक घेऊन
हे यंत्र इतकी वर्षं थरथरत होतं.
जड पात्यातून तेवढ्या सुपाऱ्या
मी ग्राइंडरनं ठिणग्या करून उडवल्या.
धार जाडच ठेवली, अंगठा फिरवता येईल अशी.
वस्तऱ्याची धार पहिल्याच ढेकळाला जाते.

रंग दे म्हणाला. नाही दिला.
रंगाखाली तडा दिसत नाही.

मजुरीतून दोनशे कमी घेतले तेव्हा
सटवाजी माझ्याकडं बघत राहिला.
म्हणालो, तुझ्या बापाचे दहा रुपये होते माझ्याकडं.
त्याला काय कळलं, किती कळलं,
मी विचारलं नाही.

रविवारी कालव्याकडच्या तुकड्यात लावलं.
वाळकी पऱ्हाटी, किडकी बोंडं तशीच लटकलेली.
पहिल्या तासाला धूळ, दुसऱ्याला भुसा,
मागं जमिनीवर बारीक तुकड्यांचा पट्टा.
मी बांधावर बसून कानानं बघत होतो.
एकसारखा आवाज. कुठंच फुटाणे नाहीत.

पाचव्या तासाला, बांधाच्या कोपऱ्यात,
टक्.

ट्रॅक्टर गुरगुरत राहिला, पाती थांबत थांबत थांबली.
सटवाजी उतरला, वाकला,
भुशातून एक दगड उचलून लांब फेकला.
"तुटला की रे," म्हणाला.

हाव, मी म्हणालो,
आणि खिशातून दुसरा काढला.